एका वेळी एकच गालिचा

आमच्या घरात आत्याचा विषय निघाला की आधी एक उसासा टाकायची पद्धत आहे. बाबा टाकतात, आई टाकते, आणि काकू तर दोन टाकते. मग कोणीतरी म्हणतं, "तिचं काय, तिचं आपलं वेगळंच." हे वेगळंच म्हणजे काय ते मीच सांगते, कारण बाकीच्यांना उसाशापुढे जाताच येत नाही.

आत्याने लग्न केलं नाही, हा पहिला उसासा. तिने एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली, तीही टेबलापाशी बसून नव्हे तर मशीनपाशी उभी राहून, हा दुसरा. आणि तिने भाड्याच्या दोन खोल्यांत तीन कुत्री पाळली आणि वर त्यांच्यासाठी घरभर गालिचे अंथरले, हा तिसरा. बाबांचं म्हणणं असं की कुत्र्यांच्या घरात गालिचे घालणं म्हणजे उंदरांच्या घरात दाण्याचं पोतं उघडं ठेवणं. बाबांचाही एक गालिचा आहे. तो आमच्या दिवाणखान्यात आहे आणि त्यावर पाय ठेवायची कोणालाही परवानगी नाही. पाहुणे त्याला वळसा घालून सोफ्यावर पोचतात आणि मग चहा घेताना पाय कुठे ठेवावेत या काळजीत बसून राहतात.

आत्याच्या कुत्र्यांची नावं मीच ठेवली होती, लहानपणी. एक वकील, कारण जिन्यावरून कोणीही गेलं की त्याचं म्हणणं मांडून झाल्याशिवाय तो गप्प बसत नाही. दुसरा म्हातारा. पांढऱ्या भुवया घेऊनच जन्माला आला, सहा आठवड्यांचा होता तेव्हापासून म्हातारा, आणि आता नऊ वर्षांचा झाला तरी चेंडू पाहिला की त्याचं बालपण उफाळून येतं. तिसरी हेडबाई. ती सगळ्यात आधीची. करडी, लांब नाकाची, शिस्तीची. जेवणाच्या वेळी बाकीचे दोघे हेडबाईने तोंड लावल्याशिवाय भांड्याकडे बघतही नाहीत.

गालिचे आले ते हेडबाईमुळेच. फरशी गुळगुळीत. ती दहा वर्षांची झाली आणि तिचे मागचे पाय घसरायला लागले. एकदा स्वयंपाकघराच्या दारात ती अशी फतकल मारून पडली की तीन आठवडे लंगडत होती. आत्याने आधी एक जाड गालिचा आणला. दोन महिन्यांत त्याची अशी दशा झाली की तो कचऱ्याच्या गाडीवाल्यानेही नाक धरून उचलला. मग तिला मशीनमध्ये धुता येणारे गालिचे सापडले, पातळ, खालून रबर लावलेले. तिने एकच आणला आणि एकाही कुत्र्याला त्यावर पाय न ठेवू देता दहा दिवसांत दहा वेळा धुतला. रबर सुटतंय का, कड उसवतेय का, आकसतोय का, सगळं पाहिलं. तो पास झाल्यावर आणखी सहा आणले.

सात गालिचे, सात दिवस. सोमवारी दारातला, मंगळवारी पलंगाजवळचा, बुधवारी बोळातला, असं शनिवारपर्यंत, आणि रविवारी पाण्याच्या भांड्यापाशी असतो तो छोटा. आधी रबरी हातमोजा घालून उलट्या दिशेने घासायचं, म्हणजे केस गोळा होऊन निघतात आणि मशीनचा फिल्टर तुंबत नाही. डाग असेल तर थंड पाणी. गरम पाण्याने डाग शिजतो आणि कायमचा घरजावई होतो. गोगलगाईसारखी गुंडाळी करून ड्रममध्ये. सुगंधी काहीही नाही. लाँड्रीत ती नव्या पोरींना सांगायची की वासाने स्वच्छता कळत नाही, वासाखाली घाण लपते.

आणि सगळ्यात मोठा नियम, एका वेळी एकच. दोन एकत्र धुवायचे नाहीत म्हणजे नाहीत, मशीन अर्धं रिकामं असलं तरी. मी एकदा विचारलं, का गं? ती म्हणाली, "कारण मी म्हणते." तिची ही जुनी सवय. कारण सांगितलं की लोक ते मोडून काढतात, त्यापेक्षा नुसता नियम बरा, असं तिचं मत. मी तो म्हातारपणीचा हट्ट समजले आणि सोडून दिला. इथेच माझं चुकलं, पण ते पुढे येईल.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. आत्याच्या घरात कुत्र्यांचा वास यायचा. घाणीचा नाही, कुबट नाही. उन्हात वाळलेल्या लोकरीसारखा, थोडासा, दार उघडल्यावर दोन श्वासांपुरता. मला तो आवडायचा. खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या जोडप्याला आवडला नाही. त्यांनी इमारतीच्या कमिटीकडे लेखी तक्रार केली आणि कमिटीचं पत्र आलं, की रविवारी सकाळी अकरा वाजता तीन सभासद घर पाहायला येतील आणि दुर्गंधी आढळल्यास एका महिन्याच्या आत कुत्री हलवावी लागतील. न हलवल्यास घर सोडावं लागेल. घरमालक दुसऱ्या शहरात राहणारा, कमिटी म्हणेल त्याला मान डोलावणारा. बावीस वर्षं आत्या त्या घरात राहत होती.

पत्र वाचून बाबांना मनातून बरंच वाटलं असावं. त्यांनी लगेच तिला आमच्याकडे राहायला यायचं आमंत्रण दिलं, मागची खोली रंगवून देतो म्हणाले. फक्त तिला, हे त्यांनी शेवटी सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि त्यांना चहा दिला.

मला मात्र राहवेना. त्या पत्रातला "दुर्गंधी" हा शब्द माझ्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसा झोंबला होता. म्हटलं, या लोकांना असं घर दाखवायचं की त्यांची नाकं खाली जातील. शनिवारी आत्या वकिलाचा दात काढायला त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्याला भूल द्यायची होती, त्यामुळे अर्धा दिवस तिकडेच जाणार होता, आणि म्हाताऱ्यालाही लस द्यायची म्हणून तिने बरोबर नेलं. घराची एक किल्ली माझ्याकडे असते. मी सकाळी साडेदहाला घरात शिरले आणि सातही गालिचे उचलले.

तीन तिच्या मशीनमध्ये लावले, चार रिक्षात घालून कोपऱ्यावरच्या लाँड्रीत नेले. दोन्हीकडे गरम पाणी, दुप्पट पावडर, आणि वरून त्या जांभळ्या बाटलीतलं फुलांच्या वासाचं सॉफ्टनर. फरशी तीनदा पुसली. खिडक्या उघडल्या. तीन वाजेपर्यंत सगळे गालिचे वाळवून जागच्या जागी अंथरले आणि दारात उभी राहून श्वास घेतला. बाग होती नुसती. मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका.

हेडबाई तोवर आतल्या खोलीत तिच्या गादीवर झोपलेली होती. तिला दिसत नाही हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वीच तिचे डोळे दुधाळ झाले होते. पण घरात ती इतकी सहज वावरायची की ते विसरायला व्हायचं. नाक खाली घालून ती गादीपासून पलंगापाशी, तिथून बोळात, बोळातून स्वयंपाकघराच्या दारात आणि तिथून पाण्याच्या भांड्यापाशी जायची, कुठेही न धडकता. पाहुण्यांना पटायचं नाही की ती आंधळी आहे.

साडेतीनला ती उठली. गादीवरून पहिला पाय गालिच्यावर ठेवला, नाक खाली नेलं आणि थांबली. पुन्हा वास घेतला. मग पाय मागे घेतला. मी हाक मारली तर तिने मान माझ्याकडे वळवली, पण जागची हलली नाही. थोड्या वेळाने दोन पावलं आली आणि दाराच्या चौकटीवर आपटली. वळली, कपाटावर आपटली. मग भिंतीला अंग चिकटवून उभी राहिली आणि थरथर कापायला लागली, आणि तिथेच, उभ्या उभ्या, तिच्याकडून झालं. चौदा वर्षांत जिने घरात कधी असं केलं नव्हतं, ती हेडबाई मान खाली घालून स्वतःच्या त्या पाण्यात उभी होती. मला वाटलं हिला झटका आला. मी पाण्याचं भांडं तिच्या तोंडाशी नेलं, तिने प्यायलं नाही.

आत्या पाचला आली. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली. तिने श्वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आतून येणारा तो नखांचा गोंधळलेला आवाज ऐकला आणि तिला सगळं कळलं. वकील आणि म्हातारासुद्धा दारात नाक वर करून उभे राहिले, चुकीच्या मजल्यावर आल्यासारखे. आत्या आत जाऊन हेडबाईशेजारी ओल्या फरशीवर बसली. तिने मला रागावून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"कारण विचारलं होतंस ना तू," ती म्हणाली. "तिला डोळे नाहीत. ती वासावर चालते. प्रत्येक गालिच्याचा वास वेगळा असतो, कोण कुठे लोळतं त्यावर. एक धुतला तर सहा उरतात, ती निभावून नेते. तू गालिचे नाही धुतलेस पोरी. तू तिचं घर धुऊन टाकलंस."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, चोवीस वर्षांची घोडी. करायला गेले एक आणि झालं भलतंच, आणि त्याची शिक्षा भोगत होती ती भिंतीला चिकटलेली म्हातारी कुत्री. आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. तिने फक्त मला फरशी पुसायला सांगितली.

रविवारी सकाळी आठला मी पोचले तेव्हा आत्या कामाला लागली होती. सुदैवाने कुत्र्यांच्या गाद्यांना मी हात लावला नव्हता. तिने त्या गाद्यांच्या खोळी काढून प्रत्येक गालिच्यावर घासायला घेतल्या होत्या, एकतीस वर्षं डाग काढले त्याच हातांनी, त्याच जोराने. दारातल्या गालिच्यावर वकिलाची खोळ, बोळातल्यावर म्हाताऱ्याची, पलंगाजवळच्यावर तिचा स्वतःचा आठवडाभर वापरलेला गाऊन. म्हाताऱ्याला चेंडू दाखवून ती बोळात लोळवत होती. घरातली बाग झपाट्याने ओसरत होती.

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. अकरा वाजता ते लोक येणार होते. मी हात जोडले, म्हटलं आत्या, फक्त तीन तास थांब. ते येऊन, वास घेऊन जाऊ देत, मग हवं ते कर. आज पास झालीस की पुन्हा कोणी विचारणार नाही. घर राहील, कुत्री राहतील.

"काल दुपारपासून तिने पाण्याला तोंड लावलेलं नाही," आत्या म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. "मी भांडं पुढे केलं की ती तोंड फिरवते. तिला आपण होऊन जायचंय पाण्यापर्यंत. आणि तू म्हणतेस त्या तिघांची नाकं खूश होईपर्यंत हिला तहानेलं ठेवू? माझ्या घरात?"

मी दुसरी खोळ उचलली आणि स्वयंपाकघराच्या दारातला गालिचा घासायला बसले.

दहाला बाबा आले, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून. दोघींना गुडघ्यांवर पाहून ते चक्रावले. त्यांना वाटलं आम्ही साफ करतोय. उलटं चाललंय हे कळल्यावर ते खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. बहिणीपुढे त्यांनी पूर्वीच हात टेकले होते, त्या दिवशी कपाळही टेकायचं बाकी होतं.

साडेदहाला हेडबाई उठली. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. तिने नाक खाली घातलं, पलंगाजवळच्या गालिच्यावर बराच वेळ वास घेतला आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. बोळात एकदा थांबली, मागे वळते की काय असं वाटलं, पण नाही. स्वयंपाकघराच्या दारातून ती आत गेली आणि पाणी पिण्याचा आवाज आला. खूप वेळ येत राहिला. आत्याने तोंडावर हात दाबून धरला होता. तिला रडताना मी तेवढंच पाहिलंय.

अकराला बेल वाजली. कमिटीचे सेक्रेटरी, ज्यांचं बाजारात चष्म्याचं दुकान आहे, आणि त्यांच्यामागे आणखी दोघे सभासद. वकिलाने दात दुखत असूनही आपलं म्हणणं मांडलं. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. उंबऱ्यात उभे राहून त्यांनी अवघडल्यासारखा श्वास घेतला, मागच्या दोघांनी जरा जास्तच मोठा घेतला आणि नाकं मुरडली. फरशी किती लख्ख आहे, हे कोणी पाहिलं नाही. तेवढ्यात हेडबाई बोळातून आली आणि सेक्रेटरींच्या बुटावर येऊन थांबली. त्यांनी वाकून तिच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"हिला दिसत नाही?" त्यांनी विचारलं.

आत्या म्हणाली, नाही. सेक्रेटरी सरळ उभे राहिले. मग त्यांनी हळू आवाजात सुचवलं, की एका महिन्यात कुत्र्यांची दुसरीकडे सोय करते एवढं ताईंनी लिहून द्यावं, म्हणजे आज काहीच आढळलं नाही असं ते अहवालात लिहितील. पुढचं पुढे बघता येईल. बाबा खुर्चीतून ताडकन उठले. भाऊ या नात्याने मी लिहून देतो म्हणाले, आणि पेन काढलंसुद्धा.

"दादा, पेन खिशात ठेव," आत्या म्हणाली. मग सेक्रेटरींकडे वळून म्हणाली, "तुम्ही लिहा. घरात कुत्र्यांचा वास येतो. मी सही करते."

सेक्रेटरींनी तिला समजावलं. असं लिहिलं तर विषय सर्वसाधारण सभेत जाणार, तिथे मतदान होणार, आणि निकाल काय लागेल हे त्यांना सांगायची गरज नव्हती. आत्याने सगळं ऐकलं. ती म्हणाली की एकतीस वर्षं तिने अनोळखी माणसांचं रक्त आणि ओकाऱ्या धुतल्या, तिला घाण आणि वास यांतला फरक कोणी शिकवू नये. जे इथे आहे ते आहे, आणि ज्यांच्यामुळे आहे ते तिघेही इथेच राहतात. तिने कागद ओढून घेतला, सही केली आणि सहीच्या वर स्वतःच्या ठळक अक्षरात एक ओळ वाढवली: "आणि येत राहील."

साक्षीदाराची सही हवी होती. सेक्रेटरींनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी खिडकीकडे पाहिलं. मी पुढे झाले आणि सही केली. बाबांनी जिना उतरताना मला विचारलं की तू कशाला सही केलीस, तुला काय गरज होती. मी म्हटलं, कारण मी म्हणते.

सभेत तो कागद वाचून दाखवला तेव्हा शेवटच्या ओळीला लोक हसले. काहींनी टाळ्याही वाजवल्या. पण हसणारे सगळेच हात वर करत नाहीत. नऊ मतं आत्याच्या बाजूने पडली, अकरा विरुद्ध. त्या नऊमध्ये सेक्रेटरी होते.

आत्याने महिनाभर घरं पाहिली. कुत्र्यांचं नाव काढलं की लोक दार लावून घ्यायचे. बाबांनी मागच्या खोलीचं आमंत्रण पुन्हा दिलं, तिने पुन्हा चहा दिला. शेवटी तिला टायरच्या दुकानामागे तळमजल्यावरची एक जागा मिळाली. दोन खोल्या, पुढे हातभर अंगण, वर कोणी नाही, खाली कोणी नाही. दिवसभर हवा भरायच्या पंपाचा आवाज. आमच्याकडे उसासे सुरू झाले. काकू म्हणाली, बावीस वर्षांचं घर घालवलं, तेही कुत्र्यांपायी. मी पहिल्यांदा तिला तोंडावर सांगितलं की काकू, कमिटीने घर घेतलं, कुत्र्यांनी नव्हे. त्यावर तिने तिसरा उसासा टाकला.

सामान हलवायच्या आधी तीन आठवडे आत्याने एकही गालिचा धुतला नाही. जायच्या दिवशी सातही गुंडाळून, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी टाचून, ती सगळ्यांत आधी ते घेऊन गेली. नव्या घरात पलंग कुठे, कपाट कुठे हे ठरायच्या आधी गालिचे पडले. एकापुढे एक, जुन्याच क्रमाने, शेवटचा पाण्याच्या भांड्यापाशी. खोल्या उलट्या होत्या, वळणं वेगळी होती, पण ओळ तीच.

मग मी हेडबाईला उचलून आणलं आणि दारातल्या गालिच्यावर ठेवलं. तिने नाक खाली घातलं. शेजारी पंप फटफटत होता, अनोळखी माणसं सामान आणत होती. ती निघाली. पहिला, दुसरा, तिसरा, वळण, चौथा. कुठेही न थांबता ती पाण्यापर्यंत गेली, प्यायली, आणि परत येऊन पलंगाजवळच्या गालिच्यावर आडवी झाली. पलंग अजून टेम्पोतच होता.

त्या संध्याकाळी आत्या दोनदा बाथरूम समजून कोठीच्या दारात जाऊन उभी राहिली. दिव्याचं बटण शोधत तिचा हात जुन्या घरातल्या जागी भिंत चाचपत राहिला. मी उठून तिचा हात धरायला गेले.

"सोड," ती म्हणाली. "मला डोळे आहेत. मी शिकेन."